तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बोलत बसायला थेरपिस्ट कशाला लागतो?

रत्नागिरीत मी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला एसटीत, लग्नात, बाजारात, कुठेही येतो. विचारणारे बहुतेक पेशंटच्या घरचेच असतात, त्यांना वाटतं पक्षाघाताचा झटका आला, जीभ जड झाली, मग वेखंड उगाळून लावा, जिभेला व्यायाम द्या, सुटेल हळूहळू.

काहींचं तसं असतंही, तोंडाचे स्नायू लुळे पडतात, उच्चार अस्पष्ट येतात, तिथे व्यायामाचा उपयोग होतो. पण अफेजियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच अडते तेव्हा, जीभ ठणठणीत असते, शब्दच सापडत नाही. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, म्हणून उजवा हात-पाय गेला की बरेचदा बोलणंही जातं. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये असाच एक पेशंट दाखवला होता, समजायचं बरंच, तोंडातून मात्र 'टॅन' एवढंच यायचं.

माझ्याकडे एक तांडेल काका यायचे. आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि बांगड्याचा फोटो समोर धरला तर "ते... ते... हे..." गणपतीत घरी आरत्या सुरू झाल्या आणि काकांनी सगळ्यांबरोबर अख्खी आरती म्हटली, एक शब्द चुकला नाही! पाचच मिनिटांनी पाणी मागता येईना. सूनबाई रडवेल्या होऊन मला विचारत होत्या, "मुद्दाम करतात का हो?"

अजिबात नाही. पाठ असलेलं, गाणं, आकडे, वार, अगदी शिवीसुद्धा, हे आपसूक येतं, त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हातभार असतो. नवीन वाक्य जुळवणं हे पूर्ण वेगळं काम. यावरच १९७३ साली अमेरिकेत मेलॉडिक इंटोनेशन थेरपी मांडली गेली, छोटं वाक्य चालीवर म्हणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा, आणि मग हळूहळू चाल काढून घ्यायची. सगळ्यांना लागू पडत नाही, पण काकांना पडली, "पाणी दे" तिथूनच आलं.

बांगड्याचं नावही मी सांगून टाकलं नाही. कुठे मिळतो, अंगावर पट्टे असतात का, कालवणात काय घालता? तिरफळं म्हटल्यावर मान जोरात हलली, मग मी फक्त "बां..." म्हटलं आणि पुढचं त्यांनी पुरं केलं. शब्दाच्या आजूबाजूचं जागं करत करत शब्दापर्यंत जायचं, लांबून बघणाऱ्याला या गप्पाच वाटतात.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पेशंटचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थांबा. ओरडून बोलू नका, ते बहिरे झालेले नाहीत. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "यांना काय कळतंय" असं तर कधीच म्हणू नका, अफेजियात भाषा अडते, अक्कल जात नाही.

आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते आधी सांगा, गिळणं तपासणंही आमचंच काम, पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. "आधी चालायला लागू दे, मग बोलण्याचं बघू" असं करू नका, पहिल्या काही महिन्यांत मेंदू जास्त वेगाने सावरतो. उशीर झाला असेल तरी या, वर्षांनंतरही फरक पडतो. येताना चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, घरच्यांचे फोटो आणा, आणि घरात मालवणी बोलता की संगमेश्वरी तेही सांगा, त्यातच सुरू करू.