फिल्टरची दांडी

सोमवार, रात्री

दसरा तोंडावर आला आणि मास्तरांचा ऑर्गन माझ्या टेबलावर उघडा पडलाय. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या भागात, पेटी सोडून पट्ट्यांचं जे काही विजेवर वाजतं त्याला सरसकट ऑर्गनच म्हणतात. हा खरा रोलँडचा जुनो-106, 1984 साली बाजारात आलेला सिंथेसायझर. एकावेळी सहा सूर, 128 आवाजांची साठवण, आणि वरच्या फळीवर आवाज घडवायच्या, सरकवायच्या दांड्याच दांड्या. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा मास्तरांनी तो घेतला. तेव्हापासून मंडईची जत्रा असो की बैलांचा शंकरपट, नाटक असेल तिथं तो पहाटेपर्यंत वाजतो. आता वडशाच्या बहुतेक नाटक कंपन्यांत नवे कीबोर्ड आलेत. मास्तर ऐकत नाहीत. म्हणतात, "नव्यात आवाज हजार हायेत गा, पन धराले दांडी कुठं हाये?"

तक्रार फिल्टरच्या दांडीची आहे. खलनायक यायचा असला की मास्तर खालचा सूर दाबून धरतात आणि फिल्टर बोटभर बोटभर उघडत नेतात. आवाज आधी घोंगडीखाली घुमल्यासारखा, मग मोकळा होत जातो. मागच्या हंगामात तो मधेच उडी मारायला लागला. खलनायक विंगेतच आणि आवाज पुढं येऊन उभा, असं दोनदा झालं म्हणे.

आज दुपार वाया गेली. साठवलेला आवाज लावून दांडीला हात लावला की आवाज उडायचा, तोच दोष समजून बसलो. पण तो या मशीनचा स्वभावच आहे. साठवणीतला आवाज आणि दांडीची जागा यांचा मेळ नसतो, दांडी हलली की आवाज तिच्या जागेवर येतो. मास्तरांना फोन केला तर म्हणाले, "ते मले ठाऊक हाये. तू मंधातली उडी पाय."

मंगळवार

मधली उडी सापडली. यात आवाज दांडीतून जातच नाही. दांडी फक्त कमीजास्त व्होल्टेज देते, आतला प्रोसेसर ते वाचून 0 ते 127 मधला एक आकडा करतो. त्यामुळे जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमसारखी खरखर इथं होत नाही. संपर्क क्षणभर सुटला की आकडाच भलतीकडे जातो आणि सूर दचकतो. मल्टिमीटर लावून दांडी सरकवली. आकडा शिस्तीत चढत होता, साधारण मध्यावर आला आणि गायब. तेवढी नखभर जागा ओलांडली की पुन्हा हजर.

पाठीवर 100 व्होल्टचा शिक्का आहे, म्हणजे हा जपानातल्या विजेसाठी बनलेला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही, हे मी स्वतःलाच मोठ्यानं सांगतो. आवाजांची साठवण आतल्या नाण्याएवढ्या सेलवर टिकून असते, म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी सगळे आवाज कॅसेटवर उतरवून घेतले. त्या काळच्या यंत्रांत ती सोय असायची. कॅसेट वाजवली तर नुसती किरकिर. पोरं कानात बोटं घालून पळाली.

बुधवार

दांड्यांच्या सगळ्या टोप्या उपटून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. एका टोपीला काळाकुट्ट धागा गुंडाळलेला होता, कुजलेला. ब्लेडनं कापून फेकला.

तीन दांड्यांना ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेले टाके, निघाले. दांडी ढकलताना जोर टाक्यावर येतो, चाळीस वर्षांत तो तडकणारच. फिल्टरची दांडी मात्र सोल्डर ओढून बाहेर काढावी लागली. पत्र्याचे कान सरळ करून उघडली तर आत शंकरपटाची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून झालेला काळा लेप. चार दुकानदारांनी "मार स्प्रे आणि हालव" सांगितलं होतं. तेलकट स्प्रे मारला असता तर धुळीचा चिखल झाला असता आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, आणलं, कापसाच्या काडीनं हळूहळू पुसत गेलो. कार्बनची पट्टी खरवडायची नाही, तिच्यावर सरकणाऱ्या पितळी पंजाचे दात वाकवायचे नाहीत.

मळ गेला तसं खरं दुखणं दिसलं. पट्टी मधोमध घासून पांढुरकी झाली होती. दोन्ही टोकं मात्र जशीच्या तशी काळी. म्हणजे मास्तर इतकी वर्षं तेवढ्याच पट्ट्यात जात-येत होते. झिजलेला कार्बन काही पुसून परत येत नाही. नवी मागवली तर हंगामाआधी यायची नाही. मग डाव्या टोकाची डिलेची दांडी काढली, सुरातला थरथराट किती उशिरानं सुरू व्हावा ते ठरवणारी. मीटरवर दोघींचं माप जुळलं, पायही जुळले. तिची पट्टी कोरी करकरीत. मास्तरांनी तिला कधी हात लावल्याचं दिसेना. तिला फिल्टरच्या जागी बसवलं, झिजलेली तिच्या जागी.

गुरुवार

मास्तर आले. खालचा सूर धरला, दांडी सरकवली. एक उडी नाही. मी खुशीत. त्यांनी तीनदा तेच केलं आणि तोंड वाकडं केलं. "घसरते गा. लोन्यावर ठेवल्यावानी."

त्यांचं बरोबर होतं. मळाबरोबर मी ग्रीसही धुऊन टाकलं होतं, आणि ते ग्रीस बोटाला अडवायलाच असतं.

शुक्रवार

भंगारातल्या कॅसेट डेकचं झाकण आठवलं, बटण दाबल्यावर सावकाश उघडणारं. त्याच्या चाकात घट्ट चिकट ग्रीस असतं. काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढं निघालं. ते दांडीच्या सरकण्याच्या कडांना लावलं, कार्बनला लागू दिलं नाही. दुपारी लाइन गेली, रात्री नऊला आली. जोडून झालं तेव्हा बारा.

शनिवार

मास्तर संध्याकाळी आले. दांडी पुढं-मागं केली, मान हलवली. वाजवायला सुरुवात केली आणि लाइन गेली. सूर तुटला, पण त्यांची बोटं अंधारात वरच्या फळीवर फिरतच राहिली, एकेक टोपी चाचपत. टोप्यांचा घासलेला आवाज तेवढा येत होता.

"धागा कुठं हाये?"

मी गप्प. मळ समजून कापला, असं शेवटी सांगितलं.

"रंगमंचासमोर आमाले कोन दिवा देते?" एवढंच म्हणाले. मोबाइलचा उजेड पाडायला लावला, खांद्यावरच्या दुपट्ट्याचा एक दोरा दातानं तोडला आणि टोपीला गुंडाळत बसले. तीन वेढे घेतले, मोबाइल बंद करायला लावला, डोळे मिटून टोपी चाचपून पाहिली, आणि चौथा घेतला.