‘केस काय, बदलता येतात’: रिलॅक्सर आणि तो सोडताना

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने निकाल दिला. अलाबामातल्या एका कृष्णवर्णीय बाईने लॉक्स, म्हणजे मुद्दाम वळवून राखलेल्या जटा, कापायला नकार दिला म्हणून तिला देऊ केलेली नोकरी काढून घेतली होती. वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते, तेव्हा हा वंशभेद नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. बदलायचं म्हणजे डोक्यावर नेमकं काय करायचं, हे त्यात कुठेच येत नाही.

बहुतेकदा करायचं असतं ते रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारं क्रीम. या क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. ‘नो-लाय’, म्हणजे कॉस्टिक सोडा नसलेल्या प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट एकत्र करतात. पीएच १२ ते १४, म्हणजे अतिशय तीव्र अल्क. केसातल्या प्रथिनाला पीळ देऊन धरणारे गंधकाचे बंध त्याने कायमचे तुटतात, म्हणून सरळ झालेला भाग पुन्हा कधीच कुरळा होत नाही. आधी कपाळाच्या कडेला, कानांवर आणि टाळूवर पेट्रोलियम जेली लावतात. क्रीम फक्त नव्याने उगवलेल्या भागाला लावायचं, पाकिटावरची वेळ ओलांडायची नाही, मग न्यूट्रलायझिंग शाम्पूने पुन्हा पुन्हा धुवायचं. सहा-आठ आठवड्यांनी परत तेच. जुन्या सरळ भागावर क्रीम पुन्हा चढलं की केस तिथेच तुटतात. आदल्या दिवशी डोकं खाजवलं असेल तर टाळू भाजते, फोड येतात, खपल्या धरतात. शाळकरी मुलींच्या डोक्यावरही हे करतात, याचा मला मनापासून राग येतो.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ३३,४९७ स्त्रियांचा अभ्यास आला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण सुमारे १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघालं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण वापरणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया सर्वांत जास्त आहेत.

सोडायचं ठरवलं तर दोन वाटा. सरळ भाग एकदम कापून टाकायचा, किंवा दर महिन्याला वाढतो तेवढा, साधारण एक सेंटिमीटर, टोकाकडून कमी करत जायचं. दुसऱ्या वाटेत नवा कुरळा आणि जुना सरळ भाग जिथे जुळतात ती जागा सगळ्यात नाजूक. गुंता ओढला की केस तिथेच तुटतो.

अशा घट्ट कुरळ्या केसाचा छेद चपटा आणि पीळ घट्ट असतो. टाळूचं तेल पिळांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. सगळी निगा या एका गोष्टीभोवती फिरते. केसांचे सहा-आठ भाग करून पिना लावायच्या, एकेक भाग ओला करून भरपूर कंडिशनर लावायचं, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचं. कोरड्या केसांत कंगवा घालायचाच नाही. धुतल्यावर केस ओलसर असतानाच लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर आणि वर शिया बटर, म्हणजे शियाच्या बियांचं घट्ट तेल. आपल्याकडे कोरड्या केसांवर तेल थापतात तसं इथे चालत नाही. तेल ओलावा आणत नाही, असलेला टिकवतं. रात्री दोन पेडांचे पीळ घालून साटनची टोपी, कारण सुती उशी ओलावा शोषून घेते. वाळल्यावर तीस सेंटिमीटर केस आखडून दहा सेंटिमीटर दिसू शकतात. ते नैसर्गिकच आहे, केस वाढत नाहीत असं समजून घाबरू नये.

वेण्या सहा-आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. घातल्यावर डोकं ठणकत असेल, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येत असतील, तर त्या घट्ट आहेत; त्याच दिवशी सोडाव्यात. ताणामुळे गेलेले केस सुरुवातीला परत येतात, वर्षानुवर्षं ताण राहिला तर ती जागा कायमची उघडी पडते. वीव्ह म्हणजे डोक्यालगतच्या वेण्यांवर शिवलेले परके केस. त्यांतले कितीतरी तिरुपतीला उतरवलेल्या केसांपासूनच बनतात. धुतल्यावर खालच्या वेण्या मुळापर्यंत वाळवल्या नाहीत तर कुबट वास येतो, बुरशी धरते.

कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा करून केसांचा पोत आणि आफ्रो (डोक्याभोवती गोल फुलवलेले केस), वेण्या, लॉक्स यांना संरक्षण दिलं. मग बऱ्याच राज्यांनी तसेच कायदे केले. देशभराचा कायदा २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सेनेटमध्ये अडकला. टेक्सासातही हा कायदा आहे, पण २०२४ मध्ये तिथल्या एका न्यायाधीशांनी लॉक्स राखणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं की केसांच्या लांबीवरच्या शाळेच्या नियमाने या कायद्याचा भंग होत नाही. म्हणजे लॉक्स चालतील, लांब लॉक्स नाहीत. परदेशातल्या टीमसाठी पोशाखाचे नियम लिहिणाऱ्या मराठी मॅनेजरांनी केसांची लांबी आणि ‘व्यवस्थित केस’ ही दोन्ही कलमं सरळ काढून टाकावीत. यंत्रात अडकण्याचा धोका असेल तिथे केस बांधायला सांगावं, तेवढं पुरतं.