४४ अंशांत एसी

गेले तीन दिवस दुपारी बाहेर ४४ अंश. एसी २४ वर लावलेला, पण खोली २८च्या खाली उतरायचं नाव घेईना. आईला उकाडा अजिबात सोसत नाही, त्यामुळे माझ्या जिवाची नुसती घालमेल.

शेवटी थर्मामीटर घेऊन स्टुलावर चढले. एसीत वरून शिरणारी हवा २८, खालून येणारी १७. अकरा अंशांचा फरक! म्हणजे मशीन व्यवस्थित चालू होतं.

एसी घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी बाहेरच्या युनिटमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा तापलेला असावा लागतो. एसीची क्षमता सहसा बाहेर ३५ अंश धरून मोजतात. ४४ला कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि गारवा कमी देतो. अशा वेळी १६ वर लावूनही काही साधत नाही.

बाहेरचं युनिट पाहिलं आणि वाईट वाटलं. मागच्या जाळीवर धुळीचं जाड कांबळं, वर जुनी फळी टेकवलेली. मेन स्विच बंद करून हलक्या धारेने धुतलं, कितीतरी वेळ काळं पाणी येत होतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाड कापड बांधलं. आतला पडदा स्वतःच तापतो, हे त्याला हात लावल्यावर कळलं.

आज एसी सकाळी दहालाच सुरू केला, भिंती तापायच्या आधी. तीन वाजता खोलीत २६, वर पंखा मंद. आई दोन तास शांत झोपली.