दहा साइट, साक्षीदार एक

नववीला ठाण्याच्या रेल्वेचा प्रकल्प दिला की वहीत काय येणार हे मला आधीच पाठ असतं. १६ एप्रिल १८५३, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. मजकुराबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘हे कशावरून?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “बाई, दहा साइटवर आहे!”

यंदा म्हटलं, मग त्या दहाही घेऊन या. प्रत्येक गटाने आपापल्या साइटच्या प्रिंट काढून आणल्या. बाकं जोडून पानं शेजारी शेजारी मांडली आणि जुळणारी वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करायला लावली. पंधरा मिनिटांत पानंच्या पानं काळी झाली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एका साइटवर ‘सिंध’चं ‘सिंघ’ झालं होतं आणि तोच ‘सिंघ’ आणखी तीन साइटवर होता. चार उत्तरपत्रिकांत एकच चूक निघाली की बाई काय समजतात, हे नववीच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. वर्ग खो खो हसला.

पुढची गंमत प्रवासाच्या वेळेची. काही पानांवर ५७ मिनिटं, काहींवर सव्वा तास. ही वेळ कुणी, कशावरून लिहिली, ते एकाही पानावर नाही. आणि ‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हणावं, तर एका गटाने मद्रासजवळची रेड हिल्सची रेल्वे काढली, १८३७ ची, दगड वाहणारी. दुसऱ्याने रुडकीची काढली, १८५१ ची, कालव्याच्या बांधकामासाठी माती वाहणारी. म्हणजे आपली पहिली ‘प्रवासी’ रेल्वे. तो एक शब्द नक्कल करताना कुठेतरी गळला आणि गळलेलंच वाक्य सगळीकडे पसरलं. ठाणेकर म्हणून पोरं थोडी हिरमुसली, पण तो शब्द आता कुणी विसरणार नाही.

पूर्वी आम्हाला प्रशिक्षणात एक यादी देत. साइटच्या नावाशेवटी ‘ऑर्ग’ आहे का बघा, ‘आमच्याविषयी’ वाचा, शुद्धलेखन तपासा. माझ्या मते ती यादी आता रद्दीत घालावी. ‘ऑर्ग’ कुणालाही विकत मिळतं, आणि ‘आमच्याविषयी’मध्ये स्वतःबद्दल वाईट कोण लिहील? स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक अशा तिघांना एकाच कामाला बसवलं होतं. दोन संस्थांची पानं दिली. एक अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची १९३० पासूनची मोठी संघटना, दुसरी तिच्यासारखंच नाव घेतलेला छोटा फुटीर गट. बरीच प्राध्यापक मंडळीसुद्धा पानावरच रेंगाळली, नीटनेटकी मांडणी बघून फसली. तपासनीस मात्र पान धड न वाचताच बाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि ‘या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात?’ ते बघून आले. मी वर्गात एवढंच शिकवते, आधी बाहेर पडा. आता तर मुलं साइटही उघडत नाहीत, शोधपानावर सगळ्यात वर एआयने लिहिलेलं उत्तर असतं, तेच उतरवतात. त्याच्याखालच्या लिंक उघडल्याशिवाय मी प्रकल्पावर सही करत नाही.

चित्रांचंही तेच. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा रंगीबेरंगी भारत तुमच्याही ग्रुपवर आला असेल, ‘नासाने टिपलेला’. ते एका रात्रीचं छायाचित्रच नव्हे. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांची अनेक वर्षांची माहिती एकत्र करून २००३ मध्ये बनवलेला तो नकाशा आहे. जुने दिवे पांढरे, नंतर वाढलेले वेगळ्या रंगांत, म्हणजे शहरं कशी पसरली ते दिसावं. नासाने २०१२ मध्ये त्या नोव्हेंबरातलं खरं उपग्रहचित्र देऊन खुलासाही केला, की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो, की अवकाशातून तो बहुधा कळणारही नाही. चित्र मोबाइलमध्ये टाकून ते मूळ कुठून आलं ते शोधायला सांगितलं, तर पोरांनी ते मला मूळ रंगांच्या अर्थासकट आणून दिलं.

याचा एक त्रास असा, की महिनाभरात वर्गाला ‘फेक!’ ओरडायची सवय लागली. काहीही दाखवा, फेक. न शोधता खरं मानणं आणि न शोधता खोटं म्हणणं, दोन्हींत आळस तोच. म्हणून मी मध्येच खऱ्या गोष्टी पेरते. ‘ठाण्याची खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे’ असं फळ्यावर लिहिलं. कळव्याच्या पुलावरून नाक धरून येणाऱ्या मुलांनी एकमुखाने फेक ठरवलं. मग त्या यादीत, म्हणजे पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराच्या यादीत शोधायला लावलं, तर २०२२ पासून नाव आहे. फ्लेमिंगो अभयारण्य तर २०१५ पासूनचं.

खरी अडचण घरी. वर्गातल्या एकाने घरच्या ग्रुपवर आजोबांनी फॉरवर्ड केलेल्या एका चित्राखाली थेट ‘हे खोटं आहे’ असं लिहिलं. काका भडकले, “मोठ्यांना अक्कल शिकवू नकोस.” मी म्हटलं, ग्रुपवर सर्वांसमोर कशाला? आजोबांना एकट्याला मूळ चित्र पाठव आणि विचार, ‘आजोबा, हे तेच ना?’ त्याने तसं केलं. आजोबांनी ग्रुपवरून पोस्ट काढली, काकांना पत्ताही लागला नाही.

आता ते प्रत्येक फॉरवर्ड आधी नातवाला पाठवतात. पोरगा परवा माझ्याकडे तक्रार घेऊन आला, “बाई, सकाळी सहालाच सुरू होतात, माझा अभ्यास राहतो.”