बुटारोच्या पडवीत

किगालीहून सकाळी निघाले. रवांडाला हजार टेकड्यांचा देश का म्हणतात, ते पहिल्या तासातच कळलं. मुसांझेच्या बाजूला शेतांच्या बांधांवर काळ्या दगडांचे ढीग दिसू लागले. हा विरुंगा ज्वालामुखींचा दगड. कुदळीला आड येतो म्हणून शेतकरी तो वेचून कडेला टाकतात. त्याच दगडाने बांधलेलं बुटारोचं जिल्हा रुग्णालय बघायला मी चालले होते.

२०११ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय सरकार, पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि मास डिझाइन ग्रुपचे वास्तुरचनाकार यांनी मिळून उभारलं. त्याची छायाचित्रं मी कितीदा तरी पाहिली होती. तरी आत शिरल्यावर क्षणभर गोंधळले. दवाखान्यात आल्यासारखं वाटतच नव्हतं. कोंदट हवा नाही, औषधांचा वास नाही. माणसं मात्र भरपूर होती, आणि ती सगळी बाहेर, छपराखाली बसलेली. एका इमारतीतून दुसरीकडे जायची वाटही उघड्यावरूनच. आपण जिला पडवी म्हणतो, तेच इथलं प्रतीक्षालय.

मी स्वतः ओपीडीचे नकाशे काढते. दोन्ही बाजूंना तपासणीच्या खोल्या आणि मधल्या बोळात बाकं, असा प्लॅन मीही काढला आहे. जागा वाचते, मालक खूश होतो. पण त्या बोळात खोकणारा माणूस, तापलेलं मूल आणि गरोदर बाई तासन्‌तास एकच हवा श्वासात घेतात. दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी इथे क्षयरोगाच्या अतिप्रतिरोधक, म्हणजे मुख्य औषधांनाही दाद न देणाऱ्या प्रकाराने ५३ पैकी ५२ रुग्ण दगावल्याचं २००६ मध्ये जगासमोर आलं. त्यांतल्या अनेकांना ही बाधा रुग्णालयातच झाली असावी, असं संशोधकांचं म्हणणं होतं. बुटारोचा आराखडा त्याच धड्यातून निघाला.

वॉर्डातही तोच विचार आहे. मोठ्या पात्यांचे पंखे संथ फिरतात आणि हवा वर ओढतात. वर अतिनील दिवे तिच्यातले जंतू मारतात, आणि उंचावरच्या झडपांतून ती बाहेर पडते. खाटांची डोकी खोलीच्या मध्यावरच्या बुटक्या भिंतीला, त्यामुळे प्रत्येक रुग्णासमोर खिडकी आणि खिडकीत डोंगर. २०१३ मध्ये याच आवारात कर्करोगाच्या बाह्यरुग्णांसाठी वेगळी इमारत झाली. केमोथेरपी घेऊन माणसं त्याच दिवशी परत जातात.

ही निव्वळ हौस नव्हे. ओपीडीत दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा मिळावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलत होती. यंत्राने वायुवीजन केलेल्या खोल्यांत ती १२ वेळा बदलेल, असं धरलेलं होतं. खिडकीला वीज लागत नाही, आणि वीज गेली म्हणून ती बंदही पडत नाही.

अर्थात बुटारोची डोंगरी, थंड हवा सगळीकडे नसते. दमट उकाड्यात किंवा धुराने भरलेल्या शहरात हा नकाशा जसाच्या तसा उचलता येणार नाही. तिथे उंच छत, सावलीचं अंगण, वाऱ्याची दिशा यांचा नव्याने हिशेब मांडावा लागेल. माझं मात्र एक पक्कं झालं: बाह्यरुग्ण विभागाचा नकाशा डॉक्टरांच्या खोलीपासून नाही, थांबणाऱ्या माणसापासून सुरू करायचा.

निघताना भिंतीपाशी रेंगाळले. पायाचं खोदकाम बुलडोझरऐवजी गावकऱ्यांच्या हातांनी झालं, दगडही हातानेच घडवला. काम करता करता गवंड्यांचा हात इतका बसला, की सुरुवातीच्या भिंती पाडून पुन्हा बांधू द्या, अशी मागणी त्यांनीच केली म्हणतात. मी दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. नखही आत जाईना.