शुक्रवारी संध्याकाळी सामना आहे

माझा लॅपटॉप आता म्हातारा झालाय बे. चार जीबी रॅम, विंडोजऐवजी उबुंटू ही फुकटची सिस्टीम टाकलीय म्हणून अजून चालतोय, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पंखा असा फिरतो की एप्रिलमधली सोलापूरची दुपार त्याच्या पोटातच शिरलीय वाटतं. एका शब्दाचा अर्थ बघायला ब्राउझर उघडून बसणं मी कधीच सोडून दिलं. ट्रान्सलेट शेल नावाचं भाषांतराचं एक टूल आहे, उबुंटूच्या ॲप्ट या कमांडने इन्स्टॉल होतं, कमांडचं नाव नुसतं ट्रान्स. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा, ट्रान्स लिहा, स्पेस, कोलन, एम आर म्हणजे मराठी, परत स्पेस आणि पुढं शब्द. एंटर दाबलं की मराठी अर्थ हजर.

मित्राला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणाला चालत नाही, नुसतं एक ग्रेटर दॅनचं चिन्ह येऊन थांबलंय. विचारलं काय टाकलंस, तर त्याने इंग्रजीतलं डोन्ट असलेलं वाक्य अवतरणात न घालता तसंच टाकलेलं. त्या डोन्टमधल्या ॲपॉस्ट्रॉफीला शेल, म्हणजे टर्मिनलमधले कमांड वाचणारा प्रोग्राम, अवतरणाची सुरुवात समजतो आणि शेवट कधी येतो म्हणून वाट बघत बसतो. कंट्रोल सी दाब आणि वाक्य दुहेरी अवतरणात घाल, एवढंच.

आत फार काही जादू नाहीये. सगळा ऑकमध्ये लिहिलेला स्क्रिप्ट आहे, ऑक म्हणजे 1977 साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेली, ओळी आणि कॉलम कापायची भाषा. स्क्रिप्ट स्वतः कशाचंच भाषांतर करत नाही, तुमचा मजकूर गुगलकडे पाठवतो आणि आलेलं उत्तर नीट मांडून दाखवतो. कमांडला डॅश ई जोडून मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडंही पाठवता येतं. म्हणजे नेट गेलं की टूल गेलं, आणि गिऱ्हाइकाचे रेट असलेली शीट यात टाकायची नाही हेही ओघानंच आलं.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात ऑर्डरींचं बघतो. पहिल्या आठवड्यात हौसेनं डॅश बी लावून एक स्पेक शीट, म्हणजे माल कसा पाहिजे त्याचा कागद, मराठीत केली. डॅश बी म्हणजे फाफटपसारा नको, फक्त उत्तर दे. टॉवेलवर जे उभे फासे असतात त्याला इंग्रजीत पाइल म्हणतात, आपले माग चालवणारे पण पाइलच म्हणतात. शीटमध्ये काय छापून आलं, तर ढिगाची उंची. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, ते वाचून म्हणाला साहेब ढीग कुठं लावायचाय, गोडाऊनात का. त्या दिवसापासून डॅश बी बंद. तो न लावता एकेक शब्द टाकला की खाली त्या शब्दाचे बाकीचे अर्थ पण येतात, नाम वेगळं, क्रियापद वेगळं, म्हणजे आपल्याला निदान कळतं की इथं गडबड होऊ शकते. डॅश बी मध्ये मशीन ठामपणे चुकतं आणि आपण मान हलवतो.

पण मला सांगायचं होतं ते अव्वाचं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, शेजारी तीन पिढ्यांपासून तेलुगू पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचं, घर. त्या घरातली आजी म्हणजे अव्वा. ती घरात तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी, शिकली मराठी शाळेत. त्यामुळं तेलुगू बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही, आणि हे सोलापुरात काय फार नवल नाही. माझं पण तसंच, लहानपणापासून कानावर पडून समजतं बऱ्यापैकी, अक्षर एक ओळखत नाही. तर वरंगळकडच्या नातेवाईकांचा लग्नाचा मेसेज आला, सगळा तेलुगू लिपीत. नातू पुण्यात. अव्वा फोन घेऊन माझ्याकडं, बघ रे बाळा काय लिहिलंय.

मी व्हॉट्सॲप वेबवरून मजकूर कॉपी केला, एक्सक्लिप या कॉपी केलेला मजकूर टर्मिनलमध्ये आणणाऱ्या टूलने ट्रान्समध्ये ढकलला, टी ई कोलन एम आर, म्हणजे तेलुगूतून मराठीत. लग्नाची तारीख आली, हॉलचं नाव आलं, आणि मधेच एक ओळ, शुक्रवारी संध्याकाळी सामना आहे. मी मोठ्यानं वाचलं. अव्वा म्हणाली लग्नात कसला सामना? मला वाटलं आयपीएल, पोरांनी स्क्रीन बिन लावला असेल हॉलवर. एम आर च्या जागी इंग्रजीचं ई एन टाकून बघितलं तर इंग्रजीत पण भांडणाला उभं राहिल्यासारखाच शब्द.

मग खालची ओळ दिसली. ट्रान्स डॅश बी शिवाय चालवलं की मूळ मजकुराखाली त्याचा उच्चार रोमन अक्षरात देतो. इतके दिवस मी ती ओळ बघतच नव्हतो. अडखळत वाचलं, ए-दु-र्को-लु. अव्वा जोरात हसली, अरे एदुर्कोलु! नवऱ्याकडचे येतात तेव्हा मुलीकडचे पुढं जाऊन त्यांना घेतात, तुमच्यात सीमांतपूजन असतं ना, तसलंच. भद्राचलमला रामनवमीच्या आदल्या दिवशी देवाचा पण एदुर्कोलु करतात. शब्दाच्या मुळात समोर येणं आहेच, म्हणजे मशीनने सामोरं जाणं न घेता सामना घेतला. शब्द जवळजवळचेच, पण लग्नाची मॅच झाली.

आता भाषांतराची गरजच उरली नव्हती, अव्वाला तेलुगू येतंच की, तिला फक्त कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे होतं. आणि माझं वाचन ऐकून ती हसून हसून डोळे पुसत होती. टूलच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या माहितीपत्रकात, शोधलं तर डॅश पी भाषांतर वाचून दाखवतो आणि डॅश एस पी मूळ मजकूर. त्याला प्लेअर लागतो, एमपीव्ही होताच माझ्याकडं. एकेक वाक्य दिलं, लॅपटॉपमधून बाईचा आवाज तेलुगूत मेसेज वाचायला लागला. अव्वा खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसली. दोन वाक्यं झाल्यावर म्हणाली, ही आंध्राकडची दिसते, आमच्यासारखं बोलत नाही, पण कळतंय, चालू दे.

गुगलच्या भाषांतरात तेलुगू आणि कन्नड 2011 ला आले, मराठी 2013 ला, म्हणजे आमच्या आधी शेजाऱ्यांचा नंबर लागला. हे अव्वाला सांगितलं तर तिला भयंकर आनंद झाला, अजून ऐकवते.

एक तक्रार आहे, टर्मिनलमध्ये देवनागरी नीट दिसत नाही, वेलांट्या इकडं, जोडाक्षरं फुटलेली, म्हणून मराठी उत्तर लांब असलं की मी डॅश ओ देऊन फाईलमध्ये काढतो आणि एडिटरात वाचतो. तेलुगूचं पण तेच होत असणार, पण ते मला कुठं कळतंय.

आता बॅश, म्हणजे माझ्या शेलच्या, सेटिंगच्या फाईलमध्ये एक अलियास, म्हणजे लांब कमांडचं छोटं नाव, करून ठेवलाय. नाव अव्वा, आत ट्रान्स, डॅश एस पी, टी ई कोलन एम आर. काल अव्वा परत आली होती, हातात शेंगाची चटणी आणि फोन. आहेर काय आणायचा नाही असं लिहिलंय का ते बघ म्हणे आधी.