त्रात्तोरीयाची पाटी

बाणेरला उघडणाऱ्या एका इटालियन रेस्तराँचं काम माझ्याकडे आलं होतं. लोगो, मेन्यूकार्ड, बाहेरची पाटी, पार्सलच्या पिशव्या, सगळंच. मालक स्वतः शेफ. मूळचे सांगलीकडचे, नऊ वर्षं इटलीतल्या बोलोन्यात एका घरगुती खानावळीत राबून परत आलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी तीन गोष्टी बाद केल्या: हिरवा-पांढरा-लाल झेंडा, मिशीवाला आचारी आणि चौकटीचा टेबलक्लॉथ. "बोलोन्यात भिंती बघा ताई," म्हणाले. गेरूच्या, विटकरी, उन्हात जुन्या झालेल्या भिंती. त्या शहराला तिथले लोक 'ला रोस्सा', म्हणजे तांबडी, म्हणतात. रंगाचा प्रश्न तिथंच मिटला.

अक्षरासाठी मी बोदोनी हा फाँट निवडला. जांबात्तिस्ता बोदोनी १७६८ मध्ये पार्माच्या सरकारी छापखान्यात आला आणि १८१३ मध्ये मरेपर्यंत तिथंच टाइप घडवत राहिला. पार्मा आणि बोलोन्या एकाच प्रांतातले, एमिलिया-रोमान्यातले. उभ्या रेघा भरघोस, आडव्या केसासारख्या बारीक. रोमन लिपीत नाव सुरेख बसलं. नावातला पहिला शब्द 'त्रात्तोरीया', म्हणजे रिस्तोरांतेसारखा थाट नसलेली, घरच्यांनी चालवलेली साधी खाण्याची जागा. (दुसरा शब्द शेफच्या घरातला आहे, तो इथं सांगत नाही.)

सादरीकरण साइटवरच ठेवलं होतं. आत सुतारांचं काम चालू, प्रायमरचा वास, बसायला एक उलटी बादली. मी बोर्ड प्लायला टेकवून ठेवले. रोमन नाव बघून शेफ खूश झाले. मग देवनागरीचा बोर्ड लावला आणि ते गप्प झाले.

त्यावर लिहिलं होतं, 'ट्रॅटोरिया'.

"ताई, हे कोण म्हणतं?"

मला कळेना. आपल्याकडे सगळे असंच लिहितात, मी म्हटलं.

"तिथं असं कुणीच म्हणत नाही. इंग्रज असं म्हणतो, आणि आपण त्याचं ऐकून लिहितो." मग ते सावकाश म्हणाले, "त्रात्-तो-रीया." जीभ दातांना लागत होती. तव्यातला, तुपातला त. दोन त-च्या मध्ये पत्ता, भत्ता म्हणताना येतो तसा छोटासा अडसर. आणि 'री'वर लांब सूर.

मी सुताराची पेन्सिल मागून घेतली. शेफ म्हणत गेले, मी प्लायवर लिहीत गेले: ब्रुस्केत्ता. फोकाच्चा. न्योक्की. ताल्यातेल्ले, म्हणजे फितीसारखा चपटा, लांब पास्ता. लांब लाटण्याचं नाव मात्तेरेल्लो. एकाही शब्दाला अडले नाही. रोमन लिपीत हेच शब्द वाचताना अर्धं पुणं 'ब्रुशेटा' म्हणतं, कारण तिथं सीएच बघून चुकायला जागा आहे. देवनागरीत ती जागाच नाही. इटालियनमध्ये व्यंजन दुप्पट झालं की ते खरोखर दुप्पट उच्चारतात, आणि आपल्याकडे त्यासाठी जोडाक्षर तयार आहे. दंत्य त आणि द तर जसेच्या तसे. इतकी वर्षं हाताशी असलेली ही लिपी मी या कामात शेवटी आणि घाईने हाताळली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

घाईचं कारणही सांगते. दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत हवं आणि ते इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये, ही अट महाराष्ट्रात २०२२ पासून पक्की आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिने दिले, तेव्हा आमच्या धंद्यात एकच धांदल उडाली. बहुतेक ठिकाणी आधी रोमन लोगो होतो, मग शेवटच्या दिवशी एखाद्या तयार फाँटमध्ये मराठी नाव टाइप करून त्याच मापाला ताणतात. मीही तेच केलं होतं. ते डिझाइन नव्हतं, पूर्तता होती.

शेफना म्हटलं, मला दोन तास द्या. तिथंच त्या बादलीवर बसून मी नाव पुन्हा काढायला घेतलं.

आधी 'रि' की 'री'? 'त्तो'चा काना संपतो तिथंच ऱ्हस्व वेलांटीचा दांडा सुरू होतो. दोन खांब एकमेकांना खेटून उभे राहतात आणि वर मात्रा नि वेलांटी एकमेकींवर चढतात. दीर्घ वेलांटी र-च्या पलीकडे जाते, मधे मोकळी हवा राहते. शेफचा लांब सूरही तेच मागत होता. 'री' ठरलं.

मग 'त्त'कडे बघता बघता हात थांबला. एका दांड्याला डावीकडून येणाऱ्या दोन आडव्या रेघा. रोमनमध्ये दोन टी शेजारी आले की त्यांच्या आडव्या रेघा अशाच जोडता येतात. दोन्ही लिप्यांत नावाचा कणा एकाच जागी होता. मी 'त्त' वेगळा काढून मोठा केला. पिशवीवर, काचेवर, बिलाच्या डोक्यावर तोच जायचा होता.

अडचण शिरोरेषेची होती. बोदोनीच्या नियमानं आडवी रेघ बारीक, म्हणजे शिरोरेषाही बारीक. पाटी करणारे काका दुपारी माप घ्यायला आले, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "मॅडम, या रेघेत एलईडी मॉड्युल बसवू कुठं?" रास्त प्रश्न होता. रेघ जाड केली तर अक्षराचा सगळा डौल जातो.

शेफ मागून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "रेघ किती हवी?" मी म्हटलं, आठ-नऊ मिलिमीटर, त्याहून जास्त नको. ते एकदम हसले. शिजलेल्या ताल्यातेल्लेची खरी रुंदी ८ मिलिमीटर. १९७२ साली तशी रीतसर नोंद झाली आणि बोलोन्याच्या व्यापारी मंडळात सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून ठेवलेली आहे. तिथं काम करणारा प्रत्येक आचारी हे ऐकतच मोठा होतो, ते म्हणाले.

काकांनी मान हलवली. "आठची पितळी पट्टी मिळते की. ती लावू, तिला लाइट कशाला?"

तसंच ठरलं. जाड भाग अ‍ॅक्रिलिकचे, आतून उजळणारे. बारीक भाग पितळेचे: शिरोरेषा आणि 'त्त'च्या दोन रेघा. मेन्यूकार्डावरही शिरोरेषा त्याच प्रमाणात बारीक, आणि पदार्थांची नावं शेफ म्हणाले तशी. फक्त पिझ्झा मी पिझ्झाच ठेवला; खरा उच्चार 'पित्सा'जवळचा आहे, पण तो शब्द आता मराठी झालाय, त्याला हात लावायला मन धजलं नाही.

निघताना काकांनी वर्कशॉपला फोन लावला. सीएनसी कटिंग मशीनवरच्या पोराला ते नाव सांगत होते, एका हातात माझा कागद धरून. "ट नाही रे, त. तव्यातला. पहिला त्र, मग दोन त जोडून... हां, पत्त्यासारखा. री दीर्घ. म्हण बघू एकदा."

पलीकडून पोरगा म्हणाला. स्पीकर चालू होता. शेफनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि त्याला पुन्हा म्हणायला सांगितलं.